‘एफ’ वाजत नाही, म्हणून गिटार सोडू का?

प्रश्न: पत्र सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं आहे. दहावीच्या सुट्टीत तिने साडेसात हजारांची अकूस्टिक गिटार घेतली. सहा महिने घराजवळच्या क्लासला गेली, नंतरची दोन वर्षं व्हिडिओ बघून शिकली. चाळीसेक गाणी ‘येतात’, म्हणजे मुखडा येतो आणि अंतऱ्याला गाडी अडते. एफ आणि बी मायनर हे बार कॉर्ड, म्हणजे एक बोट अनेक तारांवर आडवं दाबून धरायचे स्वरसमूह, अजूनही खरखरतात. आपली बोटं आखूड आहेत आणि गिटार कायम किंचित बेसूर वाटते, असं ती लिहिते. शाळेत असताना ती शास्त्रीय गाणं शिकली, प्रवेशिकेपर्यंत परीक्षाही दिल्या, ‘पण गिटारला त्याचा काही उपयोग नाही’. तिच्यानंतर सुरुवात केलेला वर्गमित्र आता बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. आत्या तीस हजारांपर्यंतची नवी गिटार घेऊन द्यायला तयार आहे. वडील म्हणतात, आधी ग्रेडची परीक्षा दे, निदान सर्टिफिकेट तरी हातात येईल. तिने विचारलंय: नवी गिटार घेऊ, परीक्षा देऊ, की आपल्याला हे जमणारं नाही असं समजून थांबू?

उत्तर:

थांबायचं की नाही हे आज ठरवू नकोस. आधी दहा मिनिटं काढून हातातली गिटार तपास. ज्याचं खापर तू बोटांवर फोडलं आहेस, त्यातला बराच दोष गिटारचा निघेल अशी मला दाट शंका आहे.

साडेसात हजारांची गिटार वाईट असते असं अजिबात नाही. पण या किमतीतल्या बहुतेक गिटार कारखान्यातून निघताना तारा जरा उंचच ठेवलेल्या असतात, म्हणजे कुणी कशाही वाजवल्या तरी खरखर होत नाही. दुकानातून ती तशीच घरी येते आणि शिकणारा वर्षानुवर्षं तशीच दाबत राहतो. तपासायचं असं: एफचा आकार दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामधल्या जागा) धर, वाजव, किती जोर लागतो ते बघ. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून ठेवणारा चिमटा, लाव आणि त्याच जागी तोच आकार पुन्हा धर. कॅपो लावल्यावर तो एकदम सोपा झाला, तर तुझ्या नटच्या खाचा उथळ आहेत. नट म्हणजे डोक्याकडची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा फ्रेटबोर्डवर उतरतात. खाच उथळ असली की तार पहिल्या फ्रेटपासून लांब राहते आणि नेमका पहिल्या फ्रेटवरचा एफ जीव काढतो. खात्री करायची असेल तर एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटच्या पट्टीवर बघ. तिथे तार आणि पट्टी यांत कागद जाईल न जाईल इतकीच फट हवी. लांबून डोळ्यांना फट दिसत असेल तर ती जास्त आहे.

दुसरं माप बाराव्या फ्रेटवर. स्टीलची पट्टी उभी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोज. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली दोनच्या जरा आत असेल तर गिटार वाजवायला बरी. जाड तारेखाली तीनच्या वर असेल तर तू दोन वर्षं विनाकारण कुस्ती खेळते आहेस.

ही दुरुस्ती होते, तिला सेटअप म्हणतात. लक्ष्मी रस्त्यावर किंवा कॅम्पात वाद्यांच्या दुकानात चौकशी केलीस तर हे काम करणारा कारागीर सापडेल. ‘सेटअप करून द्या’ एवढंच म्हणून गिटार सोडून येऊ नकोस. तीन गोष्टी सांग: नटच्या खाचा बघा, सॅडल गरजेपुरती घासा, मानेचा बाक तपासा. सॅडल म्हणजे ब्रिजवरची, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा अडकवतात त्या ठोकळ्यावरची, पट्टी. ती एक मिलिमीटर घासली की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली येते, म्हणून किती उतरवायचं ते मोजून ठरतं. जुनी सॅडल राहू देऊन नवीन पट्टी घासायला सांगितलीस तर चूक झाल्यास परत जाता येतं. नटच्या खाचेला मात्र घरी कानस लावू नकोस. खाच केसभर जास्त खोल गेली की मोकळी तार खरखरायला लागते आणि मग नटच बदलावा लागतो. मानेतला ट्रस रॉड, म्हणजे बाक सांभाळणारी सळई, फिरवण्याचे व्हिडिओ बघून तोही हातात घेऊ नकोस. जाणकारसुद्धा एका वेळी पाव फेरा देऊन थांबतात.

तारा कधी बदलल्यास ते तू लिहिलेलं नाहीस. पावसाळा उलटून गेला असेल आणि तारा त्याच असतील, तर त्या आधी बदल. गंजलेली तार फ्रेटवर सरकत नाही, बोट सोलते आणि सुरातही नीट लागत नाही. अकूस्टिकवर बहुधा १२-५३ चा संच असतो (हे आकडे सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). तू ११-५२ किंवा १०-४७ घे. आवाज किंचित हलका होईल, पण दाबायला लागणारा जोर लक्षात येण्याइतका कमी होईल. एकेक करून सहाही तारा बदल. पहिले दोन दिवस नव्या तारा ताणत राहतात, तेव्हा सूर उतरला म्हणून घाबरू नकोस, पुन्हा लाव. (नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असलेल्या वाचकांनी तिला स्टीलच्या तारा कधीच लावू नयेत. त्या ताणाने ब्रिज उखडतो.)

आता बेसूरपणाचं. याची दोन कारणं असू शकतात आणि ती वेगळी ओळखता येतात. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून छेडलंस की घंटेसारखा हार्मोनिक वाजतो. मग तीच तार तिथेच दाबून वाजव. ट्यूनरवर दोन्ही एकच यायला हवेत. दाबलेला सूर चढा येत असेल तर तारा जुन्या आहेत, फार उंच आहेत किंवा सॅडलची जागा चुकली आहे, आणि सेटअपच्या वेळी हे सांगता येतं.

दोन्ही सूर जुळत असूनही सी कॉर्ड तुझ्या कानाला टोचत असेल, तर ते तुझ्या शिकलेल्या कानाचं लक्षण आहे. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला जो शुद्ध गंधार पटतो, त्यापेक्षा गिटारच्या फ्रेटवरचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो. शंभर सेंट म्हणजे एका फ्रेटचं अंतर. सगळ्या पट्ट्यांमध्ये वाजवता यावं म्हणून फ्रेट समान अंतराच्या स्वरांवर बसवलेले असतात आणि त्याची ही किंमत आहे. हार्मोनियमलाही हाच आक्षेप घेतला जातो. तेव्हा सी गोड लागावा म्हणून पहिली तार उतरवत बसू नकोस, लगेच ई मेजर बिघडेल. ट्यूनरवर लाव आणि सोडून दे. तीस हजारांच्या गिटारमध्येही हा गंधार असाच असेल.

बोटांकडे येऊ. पहिल्या फ्रेटची जागा साधारण ३६ मिलिमीटर रुंद असते, पाचव्याची २९. म्हणजे एफ शिकायला सगळ्यांत अवघड जागा पहिलाच फ्रेट, आणि नवशिक्याला आपण तिथूनच सुरू करायला लावतो. तू पाचव्या फ्रेटपासून सुरू कर. तिथे हाच आकार धरलास की ए मेजर वाजतो. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं असलं तरी त्याला खऱ्या अर्थाने दाबायच्या असतात तीनच तारा: सहावी, दुसरी आणि पहिली. पाचवी, चौथी आणि तिसरी बाकीची बोटं सांभाळतात. म्हणून सगळं बोट सारखं चेपण्यात जोर वाया घालवू नकोस. ते अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर किंचित कलवायचं, कारण तिथे हाड असतं. मऊ बाजूवर सांध्यांच्या सुरकुत्या पडतात आणि तार त्यात लपते. बोट फ्रेटच्या पट्टीला लागून, अंगठा मानेमागे साधारण मधल्या बोटासमोर, कोपर शरीराकडे. मग चिमटा काढल्यासारखा अंगठा दाबू नकोस. उजव्या हाताच्या कोपराखालच्या भागाने गिटार पोटाशी धर आणि डावा हात किंचित मागे ओढ. दाब हाताच्या वजनातून येतो, अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागत नाही.

धरल्यावर एकेक तार वेगळी छेड. दुसरी तार बुजत असेल तर बोट एक-दोन मिलिमीटर वर किंवा खाली सरकव, सुरकुती तारेखालून निघून जाईल. पाच वेळा धर, मध्ये प्रत्येक वेळी हात पूर्ण सैल सोड, आणि मग त्या दिवशीचं बार कॉर्डचं काम संपलं. तीन-चार दिवसांनी एक फ्रेट खाली. साधारण पंधरा दिवसांनी पहिल्यावर येशील. तोपर्यंत गाणी अडवून ठेवायची गरज नाही: एफच्या जागी खालच्या चार तारांवरचा छोटा एफ, बी मायनरच्या जागी बी मायनर सेव्हन, म्हणजे पाचवी, तिसरी आणि पहिली तार दुसऱ्या फ्रेटवर, चौथी आणि दुसरी मोकळी, सहावी सोडून. बऱ्याच गाण्यांत तो साध्या बी मायनरपेक्षा छानच वाजतो.

बोटांच्या टोकांना दुखणं, कातडी जाड होणं ठीक आहे. मनगटात कळ, बोटांना मुंग्या, रात्री हात बधिर होणं, हे ठीक नाही. तसं झालं तर वाजवणं बंद ठेव आणि डॉक्टरांना दाखव.

माझ्या मते तुझी खरी अडचण एफ नाहीच. ती त्या चाळीस गाण्यांत आहे. मुखडा जमला की पुढचं गाणं, असं दोन वर्षं चाललं असेल तर तुझ्या हाताला फक्त सुरुवात करायची सवय आहे. त्यातली पाच गाणी निवड, त्यांत एक मराठी भावगीत असू दे, आणि बाकीची पस्तीस तीन महिने बाजूला ठेव. प्रत्येक गाणं पहिल्या सुरावटीपासून शेवटच्या कॉर्डपर्यंत, न थांबता, गात गात वाजलं की ते आलं असं धरायचं.

अंतऱ्याला गाडी का अडते ते फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐक. बहुतेकांचं एकच निघतं: कॉर्ड बदलताना उजवा हात थांबतो. उजव्या हाताने थांबायचं नाही, मग डावा पोचो न पोचो. मेट्रोनोम ६० वर लाव, प्रत्येक ठोक्याला एक खाली, एक वर. बदलाच्या आधीचा शेवटचा वरचा घाव मोकळ्या तारांवर पडला तरी चालतो, मोठे वादकही तो तसाच टाकतात आणि तेवढ्या वेळात डावा हात सरकतो. केहरव्याच्या आठ मात्रा तुला माहीत आहेत, त्या या आठ घावांवर मोज. भावगीत दादऱ्यात असेल तर सहा. चुकलीस तरी सम सोडायची नाही, पुढच्या समेवर हजर व्हायचं. हे तुला गाण्याच्या क्लासमध्ये शिकवलेलंच आहे.

कोणत्या दोन कॉर्डमध्ये अडतं ते सापडलं की तेवढीच जोडी घे. एका मिनिटात किती स्वच्छ बदल होतात ते मोज. तीसच्या खाली असतील तर गाण्यात अडणारच, पन्नाशीला पोचलीस की ती जागा विसरून जाशील. आणि कमीत कमी बोटं हलव. सी वरून ए मायनरला जाताना फक्त अनामिका हलते, पण कितीतरी जण तिन्ही बोटं उचलून हवेत नेतात.

रोज अर्धा तास पुरे: पाच मिनिटं सूर लावणं आणि बार कॉर्ड, दहा मिनिटं अडलेली जोडी आणि मेट्रोनोम, उरलेला वेळ गाणं. रविवारी तीन तास बसून आठवडाभर हात न लावण्यापेक्षा हे कितीतरी जास्त देतं. परीक्षेच्या दिवसांत दहाच मिनिटं मिळाली तर ती अडलेल्या जोडीला दे.

आता ‘काही उपयोग नाही’ या वाक्याबद्दल. मला ते वाचून फार वाईट वाटलं, कारण प्रवेशिकेपर्यंत शिकलेल्या मुलीकडे व्हिडिओवर शिकलेल्या बहुतेकांकडे नसलेली गोष्ट असते: ऐकलेला स्वर कुठला, हे तिला सांगता येतं. बिलावल थाट म्हणजे पाश्चात्त्यांचा मेजर स्केल. आसावरी थाट म्हणजे त्यांचा नॅचरल मायनर. मेजर कॉर्ड म्हणजे सा-ग-प, आणि ग कोमल केला की मायनर. जी ला सा मान: मध्यमावर सी, पंचमावर डी, धैवतावर ई मायनर, ऋषभावर ए मायनर, गंधारावर बी मायनर. एवढ्या सहा कॉर्डमध्ये साध्या चालीची असंख्य गाणी बसतात. नेटवरचे कॉर्ड उघडण्याआधी चाल सरगमात म्हणून बघ, ओळ कुठे विसावते ते ऐक. पंचमावर थांबली तर डी किंवा जी लावून बघ, मध्यमावर थांबली तर सी. चुकेल, पुन्हा लाव. पहिलं गाणं बसवायला अख्खी संध्याकाळ जाईल, दहावं अर्ध्या तासात बसेल. फक्त रागाचा गाढा रंग असलेल्या, मींडेने भरलेल्या गाण्यांवर कॉर्ड लादू नकोस. तिथे षड्ज-पंचमाचा हलका आधार बरा.

आणि या ज्ञानाचा लगेच, याच महिन्यात उपयोग करता येईल. पुण्यात गाणारी माणसं काही कमी नाहीत, आणि ती ‘जी मेजर’ म्हणत नाहीत, ‘माझी काळी चार’ म्हणतात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. हे लिहून ठेव: काळी चारला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जी चे आकार, काळी पाचला तिसऱ्यावर कॅपो आणि जी चेच आकार, काळी एकला पहिल्यावर कॅपो आणि सी चे आकार, काळी दोनला पहिल्यावर कॅपो आणि डी चे, काळी तीनला दुसऱ्यावर कॅपो आणि ई चे. गाण्याच्या क्लासमधल्या जुन्या मैत्रिणीला बोलाव आणि तिच्या पट्टीत साथ कर. जोडीला पेटी असेल तर ट्यूनर बंद ठेव आणि पेटीच्या सुराला गिटार लाव. जुन्या पेट्या बऱ्याचदा ट्यूनरच्या मापापेक्षा थोड्या चढ्या किंवा उतरत्या असतात, आणि पेटीला तुझ्याकडे सरकता येत नाही.

तुझा मित्र पुढे गेला असेल तर तो बहुधा या कारणाने: त्याला दर आठवड्याला इतरांबरोबर शेवटपर्यंत वाजवावं लागतं. ड्रमवाला त्याच्यासाठी थांबत नाही. इलेक्ट्रिकच्या तारा पातळ असतात, ९-४२ किंवा १०-४६, म्हणून बार कॉर्ड सोपे जातात हे खरं. पण न वाजवायच्या तारा दाबून गप्प ठेवण्याचं कसब तिथे जास्त लागतं, आणि लय चुकली तर अँप ती मोठ्याने सगळ्यांना ऐकवतो. तुझ्या कॉलेजचा फिरोदिया करंडकाचा संघ असेल तर तिथे जाऊन विचार. नाट्य, नृत्य, चित्र, संगीत सगळं एकाच रंगमंचावर असलेल्या त्या स्पर्धेत प्रत्यक्ष वाजवणारे लागतातच. संवादाखाली हळू वाजवणं, खुणेवर नेमकं थांबणं, नटाने वाक्य गाळलं तर सांभाळून घेणं, हे कुठल्याही व्हिडिओत शिकायला मिळत नाही. संघात जागा नसेल तर सोसायटीच्या गणपतीतला कार्यक्रम आहेच. दोन गाणी पूर्ण, एवढीच अट स्वतःला घाल.

वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त क्रम उलटा वाटतो. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या ग्रेड पहिलीपासून आठवीपर्यंत असतात, आणि त्यांची तयारी करताना स्केल, वाचन, ठरावीक रचना शेवटपर्यंत वाजवणं हे सगळं होतं. नुकसान काहीच नाही. पण आत्ता लगेच फॉर्म भरलास तर तीनच रचना वर्षभर घोकत बसशील आणि एकटीने वाजवण्याची सवय आणखी पक्की होईल. तीन महिन्यांनी, पाच गाणी झाल्यावर, विचार कर. ट्रिनिटीला थेट वरच्या ग्रेडलाही बसता येतं, खालच्या दिलेल्या असण्याची अट नसते. क्लासिकल गिटारचा अभ्यासक्रम नायलॉनच्या तारांच्या गिटारवर असतो, तेव्हा फॉर्म भरण्याआधी कोणता अभ्यासक्रम ते नक्की कर, नाहीतर आत्यांचे पैसे भलत्याच गिटारवर जातील. शिक्षक शोधताना एक तास बसून बघ: ते तुझ्या दोन्ही हातांकडे बघतात का, वाजवताना मध्येच थांबवून अंगठा दुरुस्त करतात का, की कॉर्डचा कागद देऊन पुढच्या मुलाकडे वळतात? महिन्यातून दोनदा तुला एकटीला शिकवणारा शिक्षक दहा जणांच्या बॅचमधल्या आठ तासांपेक्षा तुझ्या आजच्या टप्प्यावर जास्त उपयोगी आहे.

पुण्याच्या हवेचं एक राहिलं. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, तारा उंचावतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते आक्रसतं आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोटाला टोचतात. म्हणून सेटअप शक्यतो पावसाळा संपल्यावर कर. वाजवून झालं की तारा सुती फडक्याने पूस, गिटार बॅगेत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेव, बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगू नकोस. आणि उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नकोस; सरस मऊ होऊन ब्रिज सुटायला लागतो.

आत्यांना आत्ता एवढंच सांग की दिवाळीपर्यंत थांबा, तोवर सेटअप आणि तारांचा खर्च तेवढा द्या. पुढे घ्यायची ठरलीच तर वरची फळी अखंड लाकडाची आहे का ते विचार. प्लायवूडच्या फळीपेक्षा तिचा आवाज मोकळा असतो. दुकानात जाताना सेटअप झालेली आपली गिटार बरोबर ने. त्या पाचातलं एक गाणं आधी तिच्यावर वाजव, मग नवीवर, आणि सोबत आलेल्या मैत्रिणीला पाठ फिरवून बसायला सांग. तिला फरक ऐकू आला नाही तर आणखी सहा महिने थांब.